नेमके कशाने बिनसले? मेल्टडाऊनची सहज न सापडणारी कारणे

उंबरठा

ढोल-ताशे, फटाके, लग्नाच्या कार्यालयातील गर्दी, केस कापणे, नखे काढणे ही मेल्टडाऊनची, म्हणजे ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटण्याची, कारणे स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या बहुतेक पालकांना आता पाठ झालेली असतात. हा धागा त्या कारणांसाठी नाही. मुलाचे अचानक बिनसते, घरातील प्रत्येक जण 'काहीच तर झाले नाही' असे शपथेवर सांगायला तयार असतो, आणि तरीही मूल कान दाबून, कुणालाही जवळ येऊ न देता आक्रंदत राहते, अशा प्रसंगांची नोंद एका जागी व्हावी असे मला वाटते. ज्यांना कारण सापडले त्यांनी ते कसे सापडले हे अवश्य लिहावे. ज्यांना सापडले नाही त्यांनी प्रसंग जसा घडला तसा लिहावा, कारण दुसऱ्या कुणाला तो ओळखीचा वाटू शकतो.

सुरुवात आमच्यापासून करतो. आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो बोलतो, परंतु अडचणीच्या वेळी नेमके शब्दच त्याला सोडून जातात. काही शुक्रवारी सकाळी दात घासायला गेला की तो न्हाणीघरातून किंचाळत बाहेर येत असे आणि त्यानंतर शाळा, डबा, रिक्षा सगळेच कोलमडत असे. शुक्रवारचा शाळेतील तास, आदल्या दिवशीची थेरपी, टूथपेस्टची चव असे सगळे संशयित तपासून झाले. पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी पाणी बहुधा गुरुवारी बंद ठेवतात आणि शुक्रवारी सकाळी ते उशिरा व कमी दाबाने येते, हे पुणेकरांना सांगायला नको. त्या दिवशी आमच्या इमारतीची टाकी रिकामी होते, नळांत हवा शिरते, आणि सकाळी तोटी फिरवली की नळ आधी खाकरतो, फुसफुसतो आणि मग एकदम गढूळ पाणी उडवतो. ज्या आठवड्यात वर्तमानपत्रात 'या भागांत पाणी बंद' ही चौकट नव्हती, त्या शुक्रवारी मुलाला काहीही झालेले नव्हते, हे पत्नीच्या लक्षात आले आणि कोडे तिथे सुटले.

आता अशा शुक्रवारी तो उठण्यापूर्वी मी सगळ्या तोट्या उघडून हवा काढून टाकतो आणि दात घासण्यासाठी भरलेला तांब्या ठेवतो.

तळ्याकाठी

आमचाही प्रसंग आवाजाचाच आहे, परंतु तो आवाज घरातील एकाही मोठ्या माणसाला ऐकू येत नव्हता. माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि ती बोलत नाही. नणंदेच्या घरी गेलो की ती दिवाणखान्याच्या उंबऱ्यावरच थबके, कानांवर हात ठेवी, आणि बळेच आत नेले तर स्वतःच्या मनगटाला चावे. स्वयंपाकघरात मात्र ती आनंदाने खेळत असे. आत्या तिला आवडत नाही, असा निष्कर्ष नातेवाइकांनी केव्हाच काढून टाकला होता आणि त्यावरून बरीच कडवट बोलणीही झाली होती.

उलगडा केला तो दिराच्या शाळकरी मुलाने. सोफ्यामागच्या प्लगमध्ये उंदीर पळवण्याचे एक विजेवरचे यंत्र लावलेले होते आणि 'ते केवढ्याने वाजते' असे तो सहज बोलून गेला. लहान मुलांना साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात आणि वय वाढते तशी ही वरची मर्यादा खाली घसरत जाते. ही यंत्रे त्या सीमेच्या आसपास किंवा तिच्या वर काम करतात, त्यामुळे काहींचा आवाज मुलांच्या टप्प्यात येतो आणि चाळिशीतल्या माणसाला खोली पूर्ण शांत वाटते. यंत्र काढल्यावर मुलगी त्याच सोफ्यावर जाऊन बसली.

ज्यांच्या घरी अजून जुना, काचेच्या नळीचा टीव्ही आहे त्यांनीही हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडच्या प्रसारण पद्धतीत अशा टीव्हीतून १५,६२५ हर्ट्झची बारीक शीळ निघत असते, अगदी आवाज बंद केलेला असला तरीही.

दर्यावर्दी

आमच्या मुलाला मुंबईच्या लोकलचे वेड आहे. गर्दी, घाम, फेरीवाल्यांचा आरडाओरडा यांपैकी कशानेही तो विचलित होत नाही, उलट गाडीत तो सर्वांत शांत असतो. म्हणून ठाण्याहून दादरकडे जाताना तो अचानक दाराच्या दांड्याला डोके आपटू लागला, तेव्हा आम्हाला काहीच कळेना. डब्यातील लोकांनी पाणी देऊ केले, वारा घातला, एका काकूंनी दृष्ट लागल्याचे निदानही केले.

घरी आल्यावर त्याने पाटीवर स्थानकांची नावे लिहिली आणि प्रत्येकापुढे दुसरे नाव लिहून ते जोरात खोडले, तेव्हा प्रकार लक्षात आला. गाडीतील उद्घोषणा एका स्थानकाने मागे पडली होती. विक्रोळी मागे गेल्यावर 'पुढील स्टेशन विक्रोळी' असे आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सांगितले जात होते. आपण इतर प्रवासी त्या आवाजाकडे लक्षच देत नाही. तो मात्र संपूर्ण प्रवास त्या आवाजाच्या आधाराने करतो, आणि प्रत्येक स्थानकावर तीन भाषांत तीन वेळा खोटे ऐकल्यावर त्याचा धीर सुटला.

या प्रसंगाचा उपाय सापडला असे म्हणता येणार नाही. आम्ही त्याच्या खिशात स्थानकांचा छापील तक्ता देतो. उद्घोषणा चुकली की तो तक्त्यावर बोट ठेवून 'गाडी चुकली नाही, बाई चुकली' असे पुटपुटत राहतो. कधी एवढ्याने निभावते, कधी निभावत नाही.

खडूफळा

मी विशेष शिक्षिका म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. वरील तिन्ही प्रसंग वाचताना, स्वमग्नतेचे वर्णन करणारे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्या १९४३ सालच्या निबंधाची आठवण झाली. अकरा मुलांचे वर्णन करणाऱ्या त्या निबंधात मुलांना भिवविणाऱ्या गोष्टींची एक विलक्षण यादी आहे. तिच्यात तीनचाकी सायकल, झोपाळा, लिफ्ट, व्हॅक्युम क्लीनर, वाहते पाणी, गॅसची शेगडी, अंडी फेटण्याचे यंत्र यांच्याबरोबर चक्क वारासुद्धा आहे. म्हणजे 'शुक्रवारचा नळ' हा प्रकार ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी नोंदला गेलेला आहे. तरीही संवेदनांना मिळणारा अति किंवा अत्यल्प प्रतिसाद निदानाच्या अधिकृत निकषांत यायला २०१३ साल, म्हणजे डीएसएम या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमपुस्तिकेची पाचवी आवृत्ती, उजाडावे लागले.

त्याच निबंधात कॅनर यांनी आणखी एक गोष्ट टिपली आहे आणि पालकांच्या दृष्टीने मला ती यादीपेक्षाही मोलाची वाटते. मुले ज्या आवाजाला घाबरतात तेवढाच मोठा आवाज ती स्वतः खुशाल करतात. मिक्सर लागला की घर डोक्यावर घेणारे मूल स्वतः ताटल्या आपटत तासभर बसू शकते, आणि मग 'हे सगळे नाटक आहे' असे म्हणणारा कुणीतरी घरात निघतोच. वस्तुतः दोन्हींत फरक आहे तो आवाज केव्हा सुरू होणार आणि केव्हा थांबणार हे कोणाच्या हातात आहे याचा. मी अनेक घरांत मिक्सरचे बटण मुलाच्याच हाती देऊन पाहिले आहे. सर्वांना ते जमत नाही, परंतु ज्यांना जमले त्यांच्या घरी चटणीचा प्रश्न सुटला.

नोंदवहीविषयी थोडे सांगते. 'आधी काय झाले, मुलाने काय केले, नंतर काय झाले' असे तीन रकाने थेरपिस्ट बहुधा भरायला सांगतात. त्यांतला पहिला रकाना पालक शेवटच्या पाच मिनिटांपुरताच भरतात, आणि तिथेच घोटाळा होतो, कारण दुपारी चारच्या आक्रोशाचे मूळ पुष्कळदा सकाळी अकराला असते. शाळेत दिवसभर शहाण्यासारखे वागून घरच्या दारात कोसळणारी मुले याचे ठळक उदाहरण आहेत. शिक्षक म्हणतात 'आमच्याकडे तर काही त्रास नाही', आणि आईला वाटते की दोष घराचाच असावा. त्या रकान्यात आदल्या रात्रीची झोप, शौच, जेवण आणि दिवसाच्या क्रमात झालेला बदल हेही लिहावे. आणि ज्या दिवशी संशयित गोष्ट घडूनही काही झाले नाही, तो दिवस तर अवश्य लिहावा. उंबरठा यांचे कोडे नेमके अशाच उलट नोंदीने सुटले आहे, कारण शुक्रवार होता पण खाकरणारा नळ नव्हता.

रानवाटा

मी स्वमग्न मुलाचा पालक नाही, माझा पुतण्या स्वमग्न आहे. वाचून सहानुभूती वाटते, तरी एक शंका विचारतो. नळ, यंत्र, उद्घोषणा असे सगळे जग मुलाच्या कलाने लावत बसलो, तर उद्या ते मूल बाहेर कसे निभावणार? आमच्या लहानपणी हट्ट केला की घरचे दुर्लक्ष करीत आणि हट्ट आपोआप शमत असे.

उंबरठा

रानवाटा, शंका रास्त आहे आणि ती प्रत्येक घरातील एका तरी काकांनी विचारलेली असते. हट्टाला काहीतरी हवे असते. ते मिळाले की हट्ट थांबतो, आणि मूल मधूनच डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याकडे कुणी पाहते आहे का हे पाहते. मेल्टडाऊनमध्ये मागणीच नसते. नळ बंद केला, यंत्र काढले, हवी ती वस्तू हातात दिली, तरी तो आपला वेळ घेऊनच ओसरतो, आणि ओसरल्यावर मूल गाढ झोपते किंवा तापातून उठल्यासारखे मलूल होते. दुर्लक्ष केल्याने त्यातून काही शिकवण मिळत नाही, कारण त्या वेळी शिकण्याच्या अवस्थेत ते मूल नसतेच. बाहेर निभावण्याचे शिक्षण आम्हीही देतो, मात्र शांत वेळी. नळात हवा का अडकते हे मी त्याला पारदर्शक नळीत पाणी भरून दाखवले आहे, आणि आता तोटीतून पहिली फुसफुस आली की तो स्वतःहून दोन पावले मागे सरतो.

सांजवेळ

मी स्वतः स्वमग्न आहे. निदान नोकरी लागल्यानंतर, प्रौढपणी झाले. पालकांच्या चर्चेत बोलावे की नाही असा संकोच होता, परंतु आतून काय घडते हे काही अंशी सांगता येईल.

शाळेत एकच खोली मला सोसवत नसे. वर्ग तोच, मुले तीच, बाईही प्रेमळ, पण त्या खोलीत जुन्या चोकच्या ट्यूबलाइट होत्या. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. बहुतेकांना ते जाणवत नाही. मला फळ्यावरची अक्षरे हलताना दिसत आणि तिसऱ्या तासापर्यंत मळमळू लागे. हे सांगावे असे मला कधी सुचलेच नाही, कारण सर्वांनाच असे दिसत असणार अशी माझी समजूत होती. तुमच्या मुलांकडून 'कशाने त्रास होतो' याचे उत्तर येत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असते. जे जन्मापासून तसेच आहे ते वेगळे म्हणून ओळखून सांगणे कठीण असते.

दुसरे कारण कदाचित कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. मला कौतुकाने मेल्टडाऊन येत असे. चित्र पूर्ण झाले की घरचे सगळे एकदम टाळ्या वाजवीत, 'शाब्बास' म्हणत, कुणी गालगुच्चा घेई, आणि मी ते चित्र फाडून टाकी. आजीला वाटे की पोर उर्मट आहे. मी एकाग्र होऊन एका रेषेत बुडालेली असताना अचानक सगळ्या खोलीचे डोळे, आवाज आणि हात माझ्यावर येत, आणि त्यापुढे आता हसून दाखवण्याचीही अपेक्षा असे. वाढदिवसाचा केक हा याच प्रसंगाचा मोठा अवतार आहे. दिवे मालवतात, सगळे एका सुरात नसलेले गाणे गातात, टाळ्या पिटतात आणि पेटलेल्या मेणबत्त्यांपुढे मुलाला एकटे उभे करतात. कौतुक करायचे असेल तर शेजारी बसून, हळू आवाजात आणि चित्राकडे पाहत करावे.

पैलतीर

आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येथे घड्याळे एक तास मागे घेतात. लवकर पडणारा अंधार मुलीला त्रास देतो असे आम्ही धरून चाललो होतो आणि त्यासाठी जास्तीचे दिवेही लावले होते. प्रत्यक्षात तिला अंधाराचे काहीच वाटत नव्हते. फोन आणि संगणक आपोआप नवी वेळ दाखवू लागले होते, ओव्हनवरचे आणि जिन्यातले घड्याळ मात्र जुनी वेळ दाखवत होते, आणि एकाच घरात दोन वेळा खऱ्या असू शकत नाहीत हे तिला असह्य झाले होते. आता शनिवारी रात्री झोपण्यापूर्वी तीच स्टूल घेऊन घरभर फिरते आणि सगळी घड्याळे मागे करते. खडूफळा यांनी लिहिलेली बटण हाती देण्याची गोष्ट इथेही लागू पडली, असे दिसते.

याच्याशी नाते सांगणारी आणखी एक गोष्ट भारतात सुट्टीला आल्यावर घडली. नाशिकला काकांकडे गणपतीत आरत्यांचा क्रम आमच्या घरच्यापेक्षा वेगळा निघाला. आरतीचा कल्लोळ, झांजा, कापराचा धूर हे तिने हसत सोसले आणि दुसरी आरती 'चुकीची' सुरू झाल्याबरोबर ती जमिनीवर लोळू लागली. दुसऱ्या दिवशी काकांनी क्रम कागदावर लिहून तिच्या हातात दिला आणि म्हणणाऱ्यांना पुढची आरती कोणती हे विचारायला तिच्याकडेच पाठवले. काका स्वभावाने कडक आहेत, त्यामुळे हे त्यांना सुचले याचे आम्हाला अजून नवल वाटते.

दगडी_पाटा

आतापर्यंतची कारणे बाहेरची आहेत. आमचे कारण आत होते, म्हणून ते अधिक उशिरा सापडले. मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि मोजकेच शब्द बोलतो. वरणभात पुढे आला की ताट भिरकावणे सुरू झाले आणि आम्ही ताट, वाटी, वास, वाढणारी व्यक्ती असे सर्व बदलत राहिलो. खरे कारण दाढेतील कीड हे होते. गरम घास तिथे लागला की कळ येत असणार. त्याने कधी गालाला हात लावला नाही, कधी रडून तोंड दाखवले नाही. अनेक स्वमग्न मुलांना भूक, लघवीची भावना, दुखणे यांचे शरीरातून येणारे संकेत ओळखून त्यांची जागा सांगणे जमत नाही.

तेव्हा नवे, अनाकलनीय वागणे सुरू झाले की आधी दात, कान आणि पोट तपासून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. बद्धकोष्ठ या मुलांत फार आढळतो. वयात आलेल्या मुलींच्या बाबतीत पाळीच्या तारखा नोंदवहीत असाव्यात. आणि प्रसंगात मूल टक लावून स्तब्ध होत असेल, हाकेला अजिबात प्रतिसाद देत नसेल किंवा अंगाला झटके येत असतील, तर त्याला मेल्टडाऊन समजून घरी थांबू नये. स्वमग्नतेबरोबर अपस्मार (फिट येण्याचा विकार) असण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. शक्य असल्यास प्रसंगाचे मोबाइलवर चित्रण करावे आणि ते फक्त मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये.

माजघर

मी आजी आहे, सांगली जिल्ह्यातील खेड्यातून लिहिते. चुकले तर सांभाळून घ्यावे. नातू सात वर्षांचा आहे आणि सुट्टीत महिनाभर माझ्याकडे असतो. काही दिवस तो रात्री अंगणात खाटेवर तासभर गप्पा मारल्यासारखा गुणगुणत पडतो आणि शांत झोपतो. मग मध्येच काही दिवस असे येतात की नऊ-दहाच्या सुमाराला तो उठून बसतो, आढ्याकडे पाहत ओरडू लागतो आणि मध्यरात्रीपर्यंत कुणाला आवरत नाही. जेवण तेच, माणसे तीच. आमच्याकडे काही जण देवऋषाकडे न्या म्हणतात. मी नेलेले नाही आणि नेणारही नाही. पण कारण सापडत नाही.

खडूफळा

आजी, आपण अगदी नेमके लिहिले आहे. ओरडतो त्या दिवसांत तो अंगणात असतो की घरात, आणि त्या दिवसांत शेतीची वीज रात्रपाळीची असते का, हे कृपया सांगावे. शेतीचा थ्री फेज पुरवठा काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असा पाळीने येतो, आणि आपले वर्णनही 'काही दिवस असे, काही दिवस तसे' असेच आहे.

माजघर

होय, रात्रपाळीच्या दिवसांतच असे होते, हे आता तुम्ही विचारल्यावर जुळते आहे. शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की तिची घरघर अंगणात येते, म्हणून त्या दिवसांत मी त्याला घरात, पंख्याखाली झोपवते.

उंबरठा

आजी, मग अजून दोन संशयित उरतात आणि ते वेगळे करून पाहावे लागतील. एक म्हणजे मोटारीची घरघर, जी भिंतीतून आणि जमिनीतून घरातही पोचत असेल. दुसरा म्हणजे पंखा, कारण परिसरातील मोटारी एकदम सुरू झाल्या की विजेचा दाब उतरतो, पंख्याची गती मंदावते, दिवा पिवळट होतो आणि पंख्याचा सूरही बदलतो. तो आढ्याकडे पाहून ओरडतो असे आपण लिहिले आहे, म्हणून माझा संशय पंख्यावर अधिक आहे. पुढच्या रात्रपाळीला एके रात्री मोटारी सुरू होण्याच्या आधीच पंखा आणि दिवा बंद करून खिडक्या उघड्या ठेवून पाहाव्यात, आणि दुसऱ्या रात्री पंखा चालू ठेवून त्याला विहिरीपासून लांबच्या खोलीत झोपवून पाहावे. दोन्ही रात्री काय झाले ते येथे लिहावे. काही झाले नाही, तर तेही लिहावे.

माजघर

सोमवारपासून पुन्हा रात्रपाळी आहे. माझा मुलगा त्या खोलीतील धान्याची पोती हलवून जागा करून देतो म्हणाला आहे. करून पाहते आणि कळवते.